वादळ जाळ्यातून निसटतं

२८ जुलै १९९७ च्या रात्री अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, फोर्ट कॉलिन्स शहरात ओढ्याला पूर आला आणि पाच माणसं गेली. त्या रात्री उपग्रह डोक्यावर होते, डॉप्लर रडार फिरत होतं. तरीही पाऊस नेमका किती आणि कुठे पडला हे पूर ओसरेपर्यंत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. रडारने तो बराच कमी धरला होता. शेवटी तिथल्या हवामानशास्त्रज्ञांनी लोकांनाच विचारलं. ज्याच्या अंगणात पर्जन्यमापक होता त्याने त्यातली नोंद सांगितली, ज्याच्याकडे नव्हता त्याने बाहेर राहिलेल्या बादलीत किती पाणी साठलं ते सांगितलं. या नोंदी नकाशावर मांडल्यावर चित्र उलगडलं. शहराच्या पश्चिम टोकाला सव्वा दिवसात साडेचौदा इंच, म्हणजे सुमारे ३६८ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि त्याच शहराच्या पूर्वेकडे दोन इंचसुद्धा नाही.

मराठी वाचकाला अशा दिवसाची ओळख करून द्यायची गरज नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंदवले आणि तिथून साधारण पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाबा वेधशाळेने ७३. सांताक्रूझला वेधशाळाच नसती, तर कागदोपत्री तो एक साधा पावसाळी दिवस ठरला असता.

वादळ जाळ्यातून निसटतं ते असं. जमिनीवरच्या हवामान केंद्रांचं हे जाळं पृथ्वीवर बहुतेक ठिकाणी फार विरळ आहे, आणि जिथे आहे तिथेही त्याचे धागे कुजत चाललेत. मोठं वादळ अंदाजाला चकवून गेलं की मागण्या होतात त्या आणखी मोठ्या महासंगणकाच्या, नव्या उपग्रहाच्या, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या. माझं मत वेगळं आहे. तुटवडा जमिनीवरच्या नोंदींचा आहे, आणि त्या नोंदी राखणाऱ्या माणसांचा. स्थानिक हवामान केंद्र ही अग्निशमन दलाच्या पंगतीतली सेवा आहे आणि तिचा खर्चही त्याच हिशेबाने, दरवर्षी, न मागता मिळाला पाहिजे.

आधी वादळांत भेद करायला हवा. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर रुंद असतं, दिवसेंदिवस समुद्रावर रेंगाळतं, उपग्रहापासून ते लपू शकत नाही. त्याचा मार्ग सांगण्यात गेल्या काही दशकांत झालेली प्रगती खरोखर थक्क करणारी आहे आणि तिचं बरंचसं श्रेय उपग्रहांना जातं; हे मान्य न करता पुढे जाणं अप्रामाणिकपणा होईल. गडगडाटी वादळाचं तसं नसतं. एकटा ढग पाच-दहा किलोमीटरचा, जन्मापासून विरेपर्यंत तास-दीड तासाचा. त्यात गारा होतात, वीज पडते, झाडं उन्मळून टाकणारा वारा खाली कोसळतो, आणि पलीकडच्या वस्तीत लोक वाळत घातलेले कपडे काढायलाही उठत नाहीत.

या ढगाच्या पोटात चालतं काय? पाऊस पडताना त्याचे काही थेंब वाटेतच वाफ होतात, भोवतालची हवा गार पडते, जड होते आणि खाली आदळते. जमिनीवर आदळल्यावर ती फरशीवर सांडलेल्या पाण्यासारखी चहूकडे पसरते. तिची पुढची कड एखाद्या केंद्रावरून गेली की तिथली यंत्रं एकदम बोलायला लागतात. वारा दिशा बदलतो, पारा काही मिनिटांत सात-आठ अंशांनी घसरतो, वायुदाब टुणकन वर उडी मारतो. अशी चार-पाच केंद्रं जवळजवळ असतील, तर ती कड कुठून कुठे, कोणत्या वेगाने निघालीय हे नकाशावर स्पष्ट दिसतं. अशा दोन कडा जिथे भिडतात तिथे पुढचा ढग उगवण्याची शक्यता मोठी. म्हणजे केंद्र दाट असतील तर वादळाचा पुढचा डाव थोडा आधी कळतो. पण नोंद तासाला एकच होत असेल, तर ही कड दोन नोंदींच्या मधून सटकते. ओक्लाहोमा राज्याने १९९४ मध्ये आपलं केंद्रांचं जाळं सुरू केलं तेव्हा दर पाच मिनिटांची नोंद आणि ७७ पैकी प्रत्येक काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, किमान एक केंद्र असा नियम घातला, तो याचसाठी. टोर्नेडोंच्या प्रदेशात राहणाऱ्यांना पाच मिनिटांचं मोल कुणी शिकवावं लागत नाही.

इथे कुणी म्हणेल की रडार आहेच की. रडारची किरणं सरळ जातात, पृथ्वी मात्र गोल आहे. किरण जमिनीपासून अर्धा अंश वर रोखून सोडला, तर शंभर किलोमीटरवर तो जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचावरून जातो आणि दोनशे किलोमीटरवर चार किलोमीटरहून अधिक. मधे डोंगर आला तर पलीकडे अंधारच. म्हणजे रडारपासून दूर राहणाऱ्याच्या डोक्यावरच्या ढगाची कंबर रडारला दिसते, पाय दिसत नाहीत. उपग्रहाला दिसतो तो बहुतेक वेळा ढगाचा माथा. आपण राहतो ते या दोघांच्याही नजरेखालच्या पट्ट्यात, जिथे वारा छपरं उचलतो. त्या पट्ट्याची थेट साक्ष देणारा एकच साक्षीदार उरतो, जमिनीवरचं केंद्र.

हवेचं गणित मांडून अंदाज काढणाऱ्या संगणकी प्रारूपांचंही असंच. मध्यम पल्ल्याचे अंदाज देणाऱ्या युरोपीय केंद्राचं जागतिक प्रारूप पृथ्वीवर सुमारे नऊ किलोमीटरचे चौकोन आखतं. पाच किलोमीटरचा ढग त्या चौकोनात बुडून जातो. एक ते तीन किलोमीटरचे चौकोन आखणारी प्रादेशिक प्रारूपं आता अनेक देशांत चालतात आणि ती वादळ अगदी खऱ्यासारखं रंगवतात. फक्त ते रंगवलेलं वादळ शेजारच्या जिल्ह्यात पडतं, किंवा दोन तास उशिरा येतं. प्रारूपाला सुरुवातीची हवा कशी होती हे नीट सांगितलेलंच नसतं, मग ते तरी काय करणार?

मात्र केंद्रांची बाजू मांडताना एक गोष्ट मी झाकून ठेवणार नाही. केंद्रं कितीही वाढवली तरी उद्या दुपारी चार वाजता गारा कोणत्या शिवारात पडतील हे सांगता येणार नाही. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांचं नाव, फुलपाखराने पंख हलवले तरी दूरचं हवामान बदलू शकतं या कल्पनेमुळे अनेकांना माहीत असतं. त्यांनी १९६९ मध्ये मांडलेला मुद्दा त्याहून बोचरा आहे. हवेतली घडामोड जितकी लहान, तितकी तिच्यातली चूक झपाट्याने वाढते आणि मग मोठ्या घडामोडींत शिरते. म्हणून नोंदी दुप्पट बारीक केल्या तरी अंदाजाची मुदत दुप्पट होत नाही, थोडीशीच पुढे सरकते. जाळं दाट करा म्हणणाऱ्याने हे उघड कबूल करावं, नाहीतर पुढच्या वादळानंतर त्याच्यावरच खोटारडेपणाचा आरोप येईल. दाट जाळ्याचा फायदा दिवसांत मोजायचा नसतो, तो शेवटच्या दोन तासांत मिळतो. आणि माणसं वाचतात किंवा मरतात ती त्याच दोन तासांत.

या शास्त्राचा इतिहास पाहिला तर उपकरणं आधी आणि सिद्धान्त नंतर, हा क्रम पुन:पुन्हा भेटतो. पहिल्या महायुद्धात नॉर्वेला समुद्रावरून आणि ब्रिटनकडून येणाऱ्या हवामानाच्या नोंदी मिळेनाशा झाल्या. शेतीला अंदाज तर हवा होता. बर्गनमध्ये काम करणाऱ्या विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी सरकारला पटवलं आणि १९१८ मध्ये दक्षिण नॉर्वेतली निरीक्षण केंद्रं कितीतरी पटींनी वाढली. बाहेरचे डोळे गेले म्हणून देशाने स्वत:चे डोळे दाट केले. त्या दाट नकाशावर काही रेषा अशा दिसल्या, की एका बाजूला गार हवा, दुसऱ्या बाजूला उबदार, आणि पाऊस नेमका त्या रेषांवर. त्यांना युद्धभूमीवरचा शब्द मिळाला, फ्रंट, म्हणजे आघाडी. समशीतोष्ण पट्ट्यातल्या वादळांची रचना त्यानंतर वर्षभरात ब्यर्कनेस यांचा मुलगा याकोब याने मांडली. आज दूरचित्रवाणीवर निळ्या-लाल दातेरी रेषा दिसतात त्यांचा जन्म असा गरजेपोटी उभारलेल्या केंद्रांच्या नोंदवह्यांत झाला. विरळ जाळ्यात त्या रेषा तेव्हाही होत्याच, फक्त कुणाला दिसत नव्हत्या.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टन शहराची गोष्ट आहे. १९०० च्या ऑगस्टअखेरीस वॉशिंग्टनमधल्या हवामान खात्याने क्यूबातून तारेने येणारे वादळाचे संदेश रोखून धरण्याची व्यवस्था केली होती. क्यूबातले निरीक्षक उगाच घबराट पसरवतात, असा ठपका होता. हवानातल्या बेलेन वेधशाळेची वादळं ओळखण्याची परंपरा दशकांची, आणि तिथल्या लोकांचा होरा होता की हे वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरणार. वॉशिंग्टनला वाटलं, ते उत्तरेला वळेल. ८ सप्टेंबरला ते टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनवर आलं आणि किमान सहा हजार, बहुतेकांच्या मते आठ हजारांच्या आसपास माणसं मेली. नोंद होती, ती वाचणारा जाणकार होता, पण तो दूरच्या बेटावरचा आणि म्हणून कमी दर्जाचा. मुख्य कार्यालयाला स्थानिक केंद्राबद्दल वाटणारी ही तुच्छता अजून गेलेली नाही, तिने कपडे बदललेत इतकंच.

आता ती हिशेबनिशी होऊन येते. निरीक्षक काढा, स्वयंचलित यंत्र बसवा, पगार वाचेल. यंत्राला माझा विरोध नाही. रात्री तीन वाजता दर मिनिटाला वाऱ्याचा वेग लिहून ठेवणारा माणूस मिळणं अवघड आहे आणि मिळालाच तर त्याची दया येईल. पण यंत्र बसवणं हा एका दिवसाचा समारंभ असतो आणि यंत्र राखणं हे बिनकौतुकाचं काम. जे स्वयंचलित केंद्राजवळ कधी उभे राहिलेत त्यांना ठाऊक असतं की हवामानाआधी त्याची गाठ कोळी, पक्षी आणि पाचोळा यांच्याशी पडते. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पान अडकलं की पाऊस शून्य. आत सी-सॉसारख्या दोन छोट्या वाट्या असतात, एक भरली की कलंडते आणि बहुधा ०.२ मिलिमीटरची नोंद होते. मुसळधार पावसात वाटी कलंडता कलंडताच पाणी निसटून जातं, म्हणजे ज्या पावसासाठी यंत्र बसवलं तोच ते कमी सांगतं. त्याची दुरुस्ती गणिताने करता येते, पण यंत्र वेळच्या वेळी तपासून जुळवलं असेल तर. तापमानाची पेटी पांढरी रंगवायची असते. रंग उडाला की पारा चढतो. (ती झडपांची पेटी ज्याच्या नावाने ओळखली जाते तो टॉमस स्टीव्हन्सन दीपगृहं बांधणारा अभियंता होता. खारा वारा सोसणाऱ्या माणसानेच तिची रचना करावी, हे मला फार आवडतं.)

वाऱ्याचं तर विचारूच नका. जागतिक हवामान संघटनेचा दंडक सांगतो की वेगमापक जमिनीपासून दहा मीटर उंच हवा आणि अडथळा त्याच्या स्वत:च्या उंचीच्या दसपट अंतरावर हवा. केंद्र उभारलं त्या वर्षी हे सगळं पाळलेलं असतं. मग शेजारी कुणी हौसेने झाडं लावतो, कुणी मजला चढवतो, आणि वीस वर्षांनी नोंदवहीत वारा मंदावलेला दिसतो. वारा तोच असतो, केंद्र आडोशाला गेलेलं असतं. आणि मोठं वादळ आलंच, तर पहिल्या तासाभरात वीज जाते, मोबाइलचा मनोरा बंद पडतो, वेगमापकाच्या वाट्या उडून जातात. ज्या क्षणासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली त्याच क्षणी केंद्र मुकं होतं. चांगली बॅटरी, संदेश पाठवायची दुसरी वाट, जाडजूड खांब, यांना फार पैसे लागत नाहीत. फक्त त्यांचं उद्घाटन करता येत नाही.

म्हणून मला केंद्रांची संख्या सांगणारे आकडे ऐकले की पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो. त्यातली गेल्या महिन्यात किती चालू होती? किती केंद्रांची नोंद अंदाज करणाऱ्याच्या टेबलावर वेळेत पोचली? संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २०२१ मध्ये नोंदींसाठी जो निधी उभा राहिला, त्यात एक शहाणपण आहे. उपकरण घेऊन दिलं की संपलं असं न मानता, नोंदी प्रत्यक्ष येत राहिल्या तर पुढचाही खर्च देण्याची सोय त्यात ठेवली आहे. त्याच वर्षी जागतिक हवामान संघटनेने जमिनीवरच्या केंद्रांमध्ये जास्तीत जास्त दोनशे किलोमीटर अंतर आणि दर तासाला नोंद, हा किमान दंडक मंजूर केला. जागतिक प्रारूपाला हे चालेल. पण दोनशे किलोमीटरच्या फटीत गारपिटीचं अख्खं वादळ जन्मून, आडवं होऊन, विरूनही जातं. तरी जगाच्या मोठ्या भागात, विशेषत: आफ्रिकेत आणि लहान बेटांवर, एवढाही दंडक अजून पुरा होत नाही. म्हणजे आपण ज्याला किमान म्हणतो ते अनेकांना स्वप्नवत आहे.

या म्हणण्याला दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला कृत्रिम बुद्धिमत्तेचा. २०२३ मध्ये ग्राफकास्टसारखी प्रारूपं आली, ती दहा दिवसांचा जागतिक अंदाज मिनिटाभराच्या आत देतात आणि अनेक कसोट्यांवर जुन्या प्रारूपांना मागे टाकतात. मग जमिनीवर खिळे ठोकत कशाला बसायचं? पण ही प्रारूपं शिकली कशावरून? दशकानुदशकांच्या निरीक्षणांतून रचलेल्या भूतकाळाच्या नकाशांवरून. त्या नकाशांचा चौकोन सुमारे एकतीस किलोमीटरचा. ज्या वादळाची तिथे कधी नोंदच झाली नाही, ते यंत्राला कोण शिकवणार? शिवाय सरासरी चूक कमीत कमी ठेवायला शिकवलेलं यंत्र टोकाच्या गोष्टी बोथट करतं. नोंदी वाढल्या तर हीच प्रारूपं उद्या तल्लख होतील, यात मला शंका नाही. भूक त्यांनाही त्याच अन्नाची आहे.

दुसरा आक्षेप घरगुती यंत्रांचा. गच्चीवर, अंगणात स्वस्तातली हवामान यंत्रं लावणारे हौशी लोक लाखांनी आहेत, मग सरकारी केंद्र हवंच कशाला? हा आक्षेप मला अर्धा पटतो. फोर्ट कॉलिन्सच्या पुरानंतर १९९८ मध्ये नोलन डोस्कन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांचं जे जाळं सुरू केलं ते साध्या प्लास्टिकच्या पर्जन्यमापकावर चालतं आणि आज देशभर, देशाबाहेरही पसरलंय. नॉर्वेच्या हवामान संस्थेने २०१८ पासून लोकांच्या घरगुती यंत्रांवरचं तापमान आपल्या अंदाजात वापरायला घेतलं. ब्यर्कनेसच्या देशाला हे शोभलंही. पण त्यांनी ते चाळून घेतलं. उन्हात टांगलेला तापमापक, भिंतीला चिकटवलेला वेगमापक, यांतला खोटा कोणता हे ठरवायला शेजारी एक भरवशाचं, निगा राखलेलं केंद्र लागतं. सोनं पारखायला कसोटीचा दगड लागतो तसं. हौशींची हजार यंत्रं सोबतीला घ्यावीत, कसोटीचा दगड मात्र विकू नये.

एवढं करूनही अंदाज चुकणार. आणि इथे प्रश्न यंत्रांकडून माणसांकडे वळतो.

अमेरिकेत १८८० च्या दशकापासून कितीतरी वर्षं हवामान खात्याच्या अंदाजात टोर्नेडो हा शब्द वापरायला मनाई होती. लोक घाबरतील, असं कारण. २५ मार्च १९४८ ला ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांनी टोर्नेडोचा पहिला अधिकृत अंदाज दिला आणि तो खरा ठरला. तोही खात्याबाहेरच्या, लष्करातल्या माणसांनी. पाच दिवसांपूर्वीच त्या तळावर टोर्नेडो इशाऱ्याविना येऊन गेला होता. नामुष्कीनेच धाडस दिलं म्हणायचं. नागरी खात्याने शब्दावरची बंदी खऱ्या अर्थाने उठवली ती १९५० मध्ये. लोक घाबरतील ही भीती बहुतेक वेळा लोकांची नसते, चूक पदरात पडेल या भीतीने अधिकारीच घाबरलेले असतात. १९८७ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये मायकेल फिश यांनी दूरचित्रवाणीवर हसत हसत चक्रीवादळाची शंका उडवून लावली, त्या रात्री दक्षिण इंग्लंडमध्ये दीड कोटी झाडं पडली आणि अठरा माणसं दगावली. ते वाक्य लोकांना आजही पाठ आहे. बिस्केच्या उपसागरातून त्या दिवशी नोंदी अपुऱ्या येत होत्या, ही गोष्ट मात्र फारशी कुणाच्या लक्षात नाही. चेहरा लक्षात राहतो, नकाशातलं भोक राहत नाही.

दुसरी बाजू लांडगा आला रे आलाची. अमेरिकेत टोर्नेडोचे दहापैकी सुमारे सात इशारे फुकट जातात. २२ मे २०११ ला जॉप्लिन शहरात भोंगा वाजला, आणि नंतरच्या चौकशीत दिसलं की अनेकांनी तो ऐकून लगेच आसरा घेतला नाही. त्यांनी आणखी खात्री करायला बघितलं, बाहेर डोकावलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. यातून कुणी असा अर्थ काढेल की इशारे कमी द्यावेत. मी काढणार नाही. वेळेवर दिलेला पण न फळलेला इशारा हा गुन्हा नाही. गुन्हा आहे तो चुकलेल्या इशाऱ्यांचा हिशेब लपवण्याचा. किती इशारे दिले, किती खरे ठरले, किती वादळं इशाऱ्याविना आली, हे दरवर्षी स्थानिक केंद्राने आपल्या भागातल्या लोकांसमोर मांडलं पाहिजे, आणि लोकांना शक्यतेची भाषा शिकवली पाहिजे. तीस टक्के म्हणजे येणार नाही असं नव्हे, हे क्रिकेटचा सामना बघणाऱ्याला समजतं. मग वादळाच्या बाबतीत का समजू नये?

शब्दांचंही असंच. २०१३ मध्ये हैयान वादळाआधी फिलिपीन्समधल्या टॅक्लोबानमध्ये ‘स्टॉर्म सर्ज’चा इशारा दिला गेला होता. वादळाबरोबर समुद्र भिंतीसारखा आत येणार, हे त्या दोन इंग्रजी शब्दांतून अनेकांपर्यंत पोचलंच नाही. सहा हजारांहून अधिक माणसं गेली. नंतर तिथल्या अनेकांनी सांगितलं की त्सुनामी म्हटलं असतं तर पळालो असतो. स्थानिक केंद्र म्हणजे खांबावरचं यंत्र इतकाच अर्थ धरला, तर हे काम कुणाचंच उरत नाही. आपल्या किनाऱ्यावरचे लोक समुद्राला कोणत्या शब्दाने भितात हे मुख्य कार्यालयाला कसं कळणार?

बांगलादेशाने हे फार किंमत देऊन शिकून घेतलं. १९७० च्या भोला वादळात तीन लाखांहून अधिक माणसं मेली. त्यानंतर तिथे स्वयंसेवकांची फळी उभी राहिली. झेंडे, कर्णे, दारोदार फिरणारी माणसं. २००७ च्या सिद्र चक्रीवादळात मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या घरात राहिला. तोही दु:खदच, पण दोन आकड्यांमधलं अंतर केवळ उपग्रहांनी कापलेलं नाही. २००८ मध्ये म्यानमारला नर्गिस चक्रीवादळाचा इशारा भारताच्या हवामान खात्याकडून आधीच मिळाला होता, पण तो इरावती नदीच्या मुखाकडच्या गावांपर्यंत धडपणे पोचला नाही. मृतांचा आकडा एक लाख तीस हजारांच्या पुढे गेला. अंदाज बरोबर होता.

तेव्हा माझी मागणी तशी रुक्ष आहे. केंद्र उभारायला जेवढा पैसा लागतो त्याच कागदावर पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीचा पैसा लिहा. नोंदी सगळ्यांना खुल्या ठेवा. लोकांच्या पैशाने मोजलेला पाऊस लोकांनाच विकणं हे मला कधीच समजलेलं नाही. कोणतं केंद्र किती दिवस बंद होतं हेही त्याच पानावर दाखवा. विमा कंपन्या, वीज कंपन्या, रेल्वे यांच्याकडे स्वत:ची यंत्रं असतात, वादळाच्या दिवशी तरी त्यांच्या नोंदी सामाईक व्हाव्यात. आणि प्रत्येक जाळ्यात अधूनमधून एक असं केंद्र ठेवा जिथे माणूस असेल. यंत्राने विचित्र आकडा पाठवला तर दूरध्वनी करून विचारता येईल असा माणूस.

दुसऱ्या महायुद्धात, जून १९४४ मध्ये, आयर्लंडच्या पश्चिम टोकाला ब्लॅकसॉड नावाच्या जागी पोस्ट ऑफिसातच हवामान केंद्र होतं. तिथे मॉरीन फ्लॅव्हिन नावाची तरुणी दर तासाची नोंद घ्यायची. ३ जूनला, तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, रात्रपाळीत तिने पाहिलं की वायुदाब झपाट्याने उतरतोय. तिने नेहमीप्रमाणे नोंद पाठवली. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, ५ जूनला दोस्त राष्ट्रांच्या फौजा उतरवायचं ठरलं होतं हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. निर्णय तिच्या एकटीच्या नोंदीवर झाला नाही, पण अटलांटिकवरून येणारं वादळ सर्वांत आधी दिसणाऱ्या ठिकाणांपैकी तिचं एक होतं, आणि फौजा उतरवणं एक दिवस पुढे ढकललं गेलं. मधे तिला एक दूरध्वनी आला. पलीकडे इंग्रजी ढंगात बोलणारी एक बाई होती. नोंद पुन्हा तपासून सांगाल का, असं तिने विचारलं. मॉरीन उठली, पुन्हा वायुदाबमापकापाशी गेली आणि आकडा पुन्हा वाचला. तोच होता.